पलीकडच्या काठावरची हत्यारे

'पश्चात्ताप' हा शब्द आपण मराठीत जितक्या सहजपणे वापरतो, तितक्याच सहजपणे आपले कन्नड शेजारीही वापरतात. दोन्ही भाषांना तो संस्कृतातून मिळाला. 'पश्चात्' म्हणजे नंतर आणि 'ताप' म्हणजे जळणे. काम होऊन गेल्यावर मागाहून होणारी जळजळ, एवढाच त्याचा शब्दार्थ. मराठीत याच्या जवळचा आणखी एक चांगला शब्द आहे, 'उपरती'. त्याच्या मुळाशी थांबण्याची कल्पना आहे. हिब्रू भाषेने मात्र या दोन्हींहून वेगळी वाट धरली. तिचा शब्द आहे 'तशुवा', आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे परत येणे.

जळणे, थांबणे, परतणे. शब्दांचा हा कीस मी उगीच काढत नाही. जळायला आणि थांबायला माणूस एकटा पुरतो. परतायला मात्र दुसरे कोणीतरी लागते, कारण परतणाऱ्याला कुठेतरी यायचे असते आणि तिथे आधीपासून माणसे राहत असतात. ती त्याला आत घेतात की नाही, आणि घेतल्यावर कसे वागवतात, हा प्रश्न 'पश्चात्ताप' या शब्दात मावतच नाही. 'तशुवा'त तो मावतो. ज्यू परंपरेतील एका कथेचे पुढे जे विवेचन करणार आहे, ती कथा याच प्रश्नाची आहे. ती मी इंग्रजी भाषांतर आणि कोश शेजारी ठेवून वाचली, एकदा नव्हे, अनेकदा.

ज्यू विचार मराठी वाचकाला अगदीच परका असण्याचे कारण नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', म्हणजेच बेने इस्राएल लोक, पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलत आले. वर्षातील सर्वांत मोठा प्रायश्चित्ताचा उपास जो योम किप्पूर, त्याला त्यांनी अस्सल मराठी नाव दिले होते: 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे 'दयेचे दार'. एकीकडे दार लावून घेणे आणि दुसरीकडे दयेचे दार. योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेचे नावही 'नेइला', म्हणजे बंद होणे. दार बंद व्हायच्या आत परतायचे, ही घाई त्या साऱ्या परंपरेत आहे.

आता कथा. ती बाबिलोनी तालमुदाच्या 'बाबा मेत्सिया' या भागात, ८४व्या पानावर येते. हा ग्रंथ इसवी सन ५००च्या सुमारास सिद्ध झाला. कथेतील दोघे पुरुष तिसऱ्या शतकातले, गालील प्रांतातले.

तिबेरियासचे विद्यापीठप्रमुख रब्बी योहानान एके दिवशी यार्देन नदीत स्नान करीत होते. ते अतिशय देखणे होते, असे तालमूद आवर्जून सांगते. काठावरून एका दरोडेखोराने त्यांना पाहिले आणि त्याने नदीत उडी घेतली. त्याचे नाव शिमोन बेन लाकीश, परंपरेत रूढ झालेले रूप 'रेश लाकीश'. त्याची ती झेप पाहून योहानान म्हणाले, की हे बळ धर्मशास्त्राच्या कामी यायला हवे. त्याने उलट उत्तर दिले, की तुझे हे रूप एखाद्या स्त्रीला शोभले असते. तेव्हा योहानाननी एक सौदा पुढे केला: तू फिरलास तर माझी बहीण तुला देतो, ती माझ्याहून सुंदर आहे. त्याने मान्य केले. मग आपले सामान आणायला त्याला परत पलीकडे जायचे होते. ते त्याला जमेना.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. 'तू फिरलास तर' आणि 'परत जाता येईना' या दोन्ही ठिकाणी मूळ अरमाईक भाषेत एकच क्रियापद आहे. एका वाक्यात माणूस फिरतो आणि पुढच्याच वाक्यात त्याला मागे फिरता येत नाही. भाष्यकार राशी सांगतात, की धर्मशास्त्राचे जू मानेवर घेताच त्याचे पहिले बळ ओसरले, तशी उडी त्याला पुन्हा मारता आली नाही. आणखी एक गंमत 'सामान' या शब्दात आहे. तो अरमाईक शब्द कपड्यांनाही चालतो आणि अवजारांनाही. राशी कपडे समजतात. काही इंग्रजी भाषांतरकार हत्यारे समजतात. मला हत्यारेच बरोबर वाटतात. कारण ती पलीकडच्या काठावर राहिलेली हत्यारे या कथेत पुन्हा एकदा येणार आहेत.

योहानाननी त्याला शिकवले आणि मोठा विद्वान केले. मराठीत ही कथा सांगताना एक अडचण येते, ती इंग्रजी भाषांतरकाराला कधीच येत नाही. इतका वेळ मी रेश लाकीशला 'तो' म्हणत होतो. आता 'ते' म्हणायला हवे. पण नेमके कोणत्या वाक्यापासून? नदीत 'हो' म्हटले तिथून, की लग्न झाले तिथून, की विद्वान झाल्यावर? आपल्या भागातल्या वाचकाला हे सांगायला नको, कन्नडमध्येही हीच अडचण आहे. भाषाच आपल्याला विचारते, की या माणसाला तुम्ही आदरार्थी बहुवचन कधीपासून द्यायला तयार आहात. मी ते इथपासून देतो.

रेश लाकीश किती मोठे झाले याच्या खुणा तालमुदात विखुरलेल्या आहेत. विद्यापीठात त्यांना वाद घालताना पाहणे म्हणजे डोंगर उपटून एकमेकांवर घासताना पाहणे, असे एका समकालीनाचे वर्णन आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बाजारातली गोष्ट. 'योमा' या भागात म्हटले आहे, की रेश लाकीश ज्याच्याशी बाजारात उभे राहून बोलत, त्याला व्यापारी साक्षीदारांशिवाय माल देत. एकेकाळी ज्याच्या भीतीने व्यापाऱ्यांनी वाट बदलली असेल, त्याचे नुसते बोलणे उधारीला तारण म्हणून चालू लागले. माणूस पूर्णपणे परतला याचा याहून मोठा दाखला मला तरी सुचत नाही. आणि तो दिला कोणी, तर बाजाराने.

मग तो दिवस उजाडतो. अभ्यासगृहात चर्चा चालली आहे. तलवार, सुरी, खंजीर, भाला, विळा ही हत्यारे विटाळाला कधीपासून पात्र होतात? नियम असा, की वस्तू अर्धवट असताना तिला विटाळ होत नाही. ती पूर्ण झाली की होऊ शकतो. तर हत्यार पूर्ण कधी होते? योहानान म्हणतात, भट्टीतून निघाले की. रेश लाकीश म्हणतात, नाही, पाण्यात बुडवून लखलखीत केले की. लोहाराच्या भात्याशी बसलेल्या आपल्या कोणाही माणसाला हा वाद कळेल. 'विळ्याला पाणी पाजणे' आपण म्हणतोच, आणि पाणी न पाजलेल्या विळ्याला कोणी विळा म्हणत नाही. यावर योहानान सर्वांसमक्ष बोलून जातात, की चोराला चोरीतले कळायचेच.

रेश लाकीश विचारतात, मग तुम्ही माझे भले ते काय केलेत? तिथेही मला लोक गुरू म्हणत होते, इथेही म्हणतात. योहानान उत्तर देतात, मी तुला देवाच्या पंखाखाली आणले. योहानानचे मन दुखावते आणि रेश लाकीश आजारी पडतात.

तालमुदाची शैली अशी, की एका वाक्यात दुखावणारा एक आणि आजारी पडणारा दुसरा. बायको, म्हणजे योहानानची बहीण, रडत भावाकडे येते. माझ्या मुलांसाठी तरी काही कर, म्हणते. भाऊ धर्मग्रंथातले वचन काढून सांगतो, की अनाथांना देव सांभाळील. माझ्या वैधव्यासाठी तरी, म्हणते. भाऊ त्याच वचनाचा पुढचा भाग ऐकवतो, की विधवांनी देवावर भरवसा ठेवावा. नवरा जिवंत असताना बहिणीला विधवांचे वचन ऐकवणारा भाऊ! एवढ्या थोड्या शब्दांत इतकी कठोर व्यक्तिरेखा मी क्वचितच वाचली आहे. रेश लाकीश मरण पावतात.

त्या एका शेऱ्याचे वजन समजायचे तर याच 'बाबा मेत्सिया'त २६ पाने मागे जावे लागते. ५८व्या पानावर व्यापारातील फसवणुकीचे नियम आहेत. तिथे मिश्ना म्हणते, की फसवणूक जशी खरेदी-विक्रीत होते तशी शब्दांतही होते. आणि उदाहरण देते ते हेच, की परतलेल्या माणसाला त्याच्या आधीच्या कर्मांची आठवण करून देऊ नये. पुढे चर्चा येते, की शब्दांची फसवणूक पैशाच्या फसवणुकीहून मोठी. एक विद्वान कारण देतो, की पैसे परत करता येतात, शब्द परत करता येत नाही. आणि शब्दांची फसवणूक मोठी, हे जुने मत सांगणारा विद्वान कोण? रब्बी योहानान. नियम त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. नियम त्यांच्याच तोंडून आला आहे.

पुढच्या पानावर आणखी एक वचन आहे: चारचौघांत कोणाचा पाणउतारा करण्यापेक्षा स्वतःला भट्टीत झोकून दिलेले बरे. हे वचन कोणाचे यावर तालमूद तीन पर्याय देते, त्यांतल्या एकात सांगणारे पुन्हा योहानानच. 'भट्टी' हा शब्द तिथेही तोच आणि हत्यारांच्या वादातही तोच. ग्रंथ जुळवणाऱ्यांनी हे मुद्दाम केले की नाही हा वाद विद्वानांसाठी ठेवू. क्रमाने वाचत येणाऱ्याच्या कानात मात्र तो शब्द वाजतोच.

आणखी एक दुवा. परतलेला माणूस मोठा की कधीच न चुकलेला, यावर 'बराखोत' या भागात मतभेद आहे. रब्बी अबाहू म्हणतात, परतलेला जिथे उभा राहतो तिथे पूर्ण निष्कलंकालाही उभे राहता येत नाही. याउलट, न चुकलेल्याची थोरवी परतलेल्याच्या पलीकडची, असे मानणारे मत योहानानचे. पुढे बाराव्या शतकात मायमोनिदीस यांनी तशुवेच्या नियमांचे दहा अध्याय लिहिले, तेव्हा त्यांनी अबाहूंची बाजू घेतली. आता हत्यारांचा वाद पुन्हा वाचा. हत्यार भट्टीतून निघाले की झाले, म्हणजे ते मुळात जसे घडले तसेच कायमचे. नाही, शेवटी पाणी लागते, म्हणजे घडलेल्यालाही अजून एक संस्कार बाकी असतो. यार्देनच्या पाण्यात उडी घेऊन ज्याचे आयुष्य पूर्ण झाले, त्याने पाण्याची बाजू घ्यावी यात नवल नाही. हा अर्थ मी लादतो आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे, मला तो कथेतच दिसतो.

काही वाचक योहानानच्या बचावाला येतात: तो विनोद होता, कौतुकही असेल, जाणकाराला दिलेली दाद. असेलही. वर्गात तीस वर्षे काढलेल्या माणसाला मात्र हा विनोद चांगला ओळखीचा आहे. आठवीत एकदा कंपासपेटी चोरताना सापडलेला मुलगा दहावीत जातो, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवते, आणि कोणीतरी शिक्षक हसत हसत म्हणतात, की याला बोलवा, कुलपांतले याला कळते. वर्ग हसतो. मुलगाही हसतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहून आपण मोकळे होतो. त्या हसण्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. रेश लाकीशही हसून गप्प बसू शकले असते. ते बसले नाहीत. त्यांचे उत्तर कृतघ्नपणाचे आहे, हे मी मान्य करतो. इथेही गुरू, तिथेही गुरू असे म्हणून त्यांनी आपल्याच परतीवर पाणी सोडले. पण ज्या घरात इतकी वर्षे काढली तिथला यजमानच आपल्याला अजून पलीकडच्या काठावर उभा पाहतो आहे, हे कळल्यावर माणूस कृतज्ञतेचे हिशेब करील अशी अपेक्षा धरणेही फार झाले.

आपल्याकडे या जातीची कथा म्हणजे वाल्या कोळ्याची. वाल्याने एकेका हत्येमागे एकेक खडा टाकून सात रांजण भरले, नारदाच्या सांगण्यावरून घरच्यांना विचारले, मग जप करीत बसला आणि वारुळातून वाल्मीकी बाहेर आले. ('बसला' आणि 'आले', पाहा.) आमच्या लहानपणी कीर्तनकार ती सांगताना इथेच थांबत, आणि श्रोते समाधानाने घरी जात. नंतर कोणी वाल्मीकींना त्या रांजणांबद्दल विचारले का, एखाद्या सहऋषीने यज्ञाच्या वेळी टोमणा मारला का, हे आपली लोककथा विचारत नाही. तिच्या दृष्टीने वारुळ फुटले की प्रश्न सुटला. तालमुदाची कथा जिथे आपली संपते तिथे सुरू होते. म्हणून ती कमी सुंदर आहे आणि मला अधिक खरी वाटते.

रेश लाकीशच्या मृत्यूनंतर योहानान शोकात बुडाले. इतर विद्वानांनी त्यांच्या सोबतीला एक हुशार माणूस पाठवला, एलाझार बेन पेदात. योहानान जे जे म्हणत त्याला तो आधार काढून देई. योहानान चिडले. बेन लाकीश माझ्या प्रत्येक मुद्द्यावर २४ आक्षेप घेई, मी २४ उत्तरे देई, आणि त्यातून विषय आपोआप उलगडे. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही काय, की तू येऊन सांगावेस? मग ते कपडे फाडीत, रडत, बेन लाकीश, कुठे आहेस तू, असे ओरडत हिंडू लागले. त्यांचे भान गेले. अखेर विद्वानांनी त्यांच्यासाठी देवाकडे दया मागितली आणि ते वारले.

हा प्रसंग हृदय पिळवटणारा आहे यात शंका नाही. तालमूद दुसरीकडे सांगते, की या माणसाने दहा मुलगे गमावले होते आणि दहाव्याचे हाड तो जवळ बाळगीत असे. त्याला खलनायक ठरवणे हा उथळपणा होईल. तरीही टीकाकाराने विचारले पाहिजे, की ही तशुवा आहे का? मला वाटते, नाही. इथे ताप आहे, भट्टी आहे, जळणे आहे. परतणे नाही. मायमोनिदीसच्या नियमांप्रमाणे माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरच्या उपासानेही फिटत नाही. त्या माणसाकडे जावे लागते, तो नाही म्हणाला तर पुन्हा, तीनदा. आणि तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी उभे राहून सर्वांसमक्ष सांगावे लागते, की मी याचा अपराधी आहे. योहानानच्या आकांतात आक्षेपांची आठवण आहे, स्वतःच्या एकटेपणाची आहे. त्या वाक्याचा उल्लेख एकदाही नाही. आजाऱ्याच्या बिछान्यापाशी जायला दिवस होते; बहीण बोलवायलाही आली होती.

कथा ज्या संदर्भात येते तोही विसरून चालणार नाही. तिच्या मागेपुढे गोष्ट चालू आहे ती एलाझार बेन शिमोन या दुसऱ्याच विद्वानाची. रोमन सरकारसाठी चोर पकडून देण्याचे काम त्याच्याकडे आले होते. एकदा त्याच्या हातून एक धोबी फासावर गेला, आणि तो माणूस खरोखरच अपराधी होता असे लोकांनी त्याला पटवून दिले. तरी त्याने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. आपण चुकलोही असू या शंकेने त्याने स्वतःवर यातना ओढवून घेतल्या. एकाला आपण बरोबर आहोत याची खात्री होती. दुसऱ्याला लोकांनी खात्री करून दिली तरी ती होईना. तालमूद दोघांना शेजारी बसवते आणि एक शब्द बोलत नाही.

निवाडा एकाच व्यक्तीने दिला आहे, आणि तो वाचायला 'तानीत' या वेगळ्या भागात जावे लागते. मुख्य कथेपुढे हा छोटा प्रसंग ठेवून वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीत, म्हणून इथे देतो. रेश लाकीश वारले आहेत. योहानानना त्यांचा लहान मुलगा भेटतो. ते त्याला त्याचा धडा विचारतात, अर्थ सांगतात. मुलगा विचारतो, हे कशावरून? ते उत्तर देतात. मुलगा पुढचा प्रश्न टाकतो. आणखी एकदा भेट होते आणि योहानानना पडलेल्या कोड्याचे उत्तर तो पोरगाच देतो. बापाचे आक्षेप पोरात उतरले आहेत. योहानान डोळे वर करून त्याच्याकडे पाहतात. त्या पाहण्यात काय होते, कौतुक, ओळख, की तीच जुनी धार, हे ग्रंथ सांगत नाही. मुलाची आई तेवढ्यात येते, त्याच्या बापाचे जे झाले ते याचेही व्हायला नको म्हणून त्याला मामासमोरून उठवते, आणि बाहेर घेऊन जाते.